जावयाच्या मालावर ड्यूटी

मोटार भरायच्या दुकानात जळक्या तारेचा ढीग कसा साठतो, ते कुणालाच सांगता येत नाही. रोज थोडी थोडी तार निघते, आपण ती पायानं कोपऱ्यात सारतो आणि एके दिवशी बघावं तर कोपराच दिसत नाही. किश्श्यांचंही तसंच. मी वारंगा फाट्यावर विहिरीच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतो. माझ्या दुकानाला लागून दिगंबर मिस्त्रीचं वर्कशॉप आहे आणि मधली भिंत इतकी पातळ, की तिकडचा शब्द न् शब्द इकडं येतो. मोटार भरणं हे मान खाली घालून करायचं काम. कान मोकळेच राहतात. तारेला निदान भंगारवाला येतो, किश्श्यांना कुणी येत नाही. म्हणून म्हटलं, थोडे तुमच्यासमोर रिकामे करावेत.

आधी ओळखी करून देतो. दिगंबर मिस्त्री हळदीचे कुकर बनवतो. कुकर म्हटलं की पुण्याचे पाहुणे शिट्ट्या मोजायला लागतात. तसला नव्हे हो! ओली हळद वाफेवर शिजवायला लोखंडाचे मोठाले ड्रम लागतात, ते गाड्यावर बसवून ट्रॅक्टरनं शेताशेतांत ओढत नेतात. त्याला आमच्याकडं कुकर म्हणतात. या भागातली अर्धी हळद आपल्या ड्रममधून शिजून बाजारात गेली, असं मिस्त्री सांगतो. उरलेली अर्धी गेली नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं.

वर्कशॉपच्या बाकावर रोजचे गिऱ्हाईक दोन. एक खिल्लारे फौजी, सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. दुसरे पतंगे सर, कळमनुरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात आणि घरी जायच्या एस.टी.ची वाट बघत बाकावर टेकतात. चर्चा रंगली असली तर समोर आलेली एस.टी. सोडून देतात आणि घरी ‘गाडी लेट होती’ म्हणून सांगतात. शेजारी सलीमभाईंचं चहाचं हॉटेल. झाली आमची सुरक्षा परिषद!

*

मिस्त्रीचा जावई संदीप. वसमतचा पोरगा, शिकलेला, गोड बोलणारा. एक दिवस आला आणि म्हणाला, “मामा, फाट्यावर दुकान टाकावं म्हणून राहिलो. तुमच्या समोरच जागा भेटली.”

मिस्त्रीचा ऊर भरून आला. एकुलती एक लेक मनीषा आता डोळ्यांसमोर राहणार! दुकान कसलं, हे मात्र त्यानं विचारलं नाही. आमच्याकडं जावयाला उलटे प्रश्न विचारत नाहीत. जावई बोलला की सासऱ्यानं मान हलवायची, एवढंच. मिस्त्रीनं मान हलवली. शिवाय शटर बनवून दिलं, खिडक्यांच्या ग्रिल बनवून दिल्या, पाटीची फ्रेम बनवून दिली. सगळं जाड लोखंडात, वर दोन हात रंग!

उद्घाटनाचा नारळही मिस्त्रीच्याच हातून फोडून घेतला. नारळ फुटला, शटर वर गेलं आणि आत काय? कुण्या लांबच्या कंपनीचे, स्टिकर लावलेले, चकचकीत हळदीचे कुकर ओळीनं उभे! मिस्त्रीच्या हातात नारळाची अर्धी वाटी. ती ठेवावी कुठं, हेही त्याला सुचेना. शेवटी ती हातात धरूनच तो रस्ता ओलांडून परत आला.

मग फौजी म्हणाले, “अख्ख्या सर्व्हिसमधी दुश्मनाला बंकर बांधून देणारा माणूस पयल्यांदा बघितला!”

“दुश्मन न्हाई. जावाई हाय,” मिस्त्री म्हणाला.

“मंग तर लईच अवघड. दुश्मनावर फायर तरी करता येतंय!”

हसलो सगळे, मिस्त्रीही हसला. पण त्या हंगामात त्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पुढच्या हंगामात त्याहून कमी. शेवटी एका दुपारी तो भिंतीपलीकडून मला म्हणाला, “शेषूभाऊ, औंदा बी असंच झालं तं शटर खाली वढतो म्या. बास झालं.” तो चेष्टा करत नव्हता. आता पुढं मी जे काही सांगेन त्यात अमेरिका येईल, कॅनडा येईल, राष्ट्रीय सुरक्षा येईल; पण मुद्दा हा एवढाच होता. मिस्त्रीचं वर्कशॉप राहतं का जातं!

*

अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या पोलादावर आणि ॲल्युमिनियमवर जबर टॅरिफ लावलं, ती बातमी मिस्त्रीनं मोबाईलवर मोठ्या आवाजात लावली. का लावलं? तर बाहेरच्या लोखंडानं देशाच्या सुरक्षेला धोका आहे! दुश्मनाच्याच नव्हे, दोस्तांच्या लोखंडावरही लावलं. कॅनडा तर त्यांचा सख्खा शेजारी.

“कॅनडापासून काहून धोका आसंल?” फौजींना प्रश्न पडला. “तिकडं बर्फ सोडून काय हाय?”

पतंगे सरांनी समजावून सांगितलं. रणगाड्याला लोखंड लागतं, जहाजाला लागतं. आपल्या भट्ट्या बंद पडल्या आणि लढाई पेटली, तर लोखंड कुणाच्या दारात मागायला जायचं, असा तो विचार. “पण मित्रांच्या मालावर ड्यूटी लावली, तर मित्र राहतात का, हाही विचार करायला पाहिजे,” असं ते म्हणत होते. मिस्त्रीनं फक्त पहिला अर्धा भाग ऐकला.

“बराबर हाय त्याचं!” तो उठून उभा राहिला. “आजपासून आपल्या वर्कशॉपात बी टॅरिफ. जो कुणी बाहेर बनलेला कुकर दुरुस्तीला आणंल, त्यानं आधी बसलेल्या समद्यांला च्या पाजायचा. मंग वेल्डिंग!”

ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. चहा आम्हालाच मिळणार होता, विरोध कोण करणार? तेवढ्यात फौजींनी खाली वाकून मिस्त्रीचं वेल्डिंग मशीन निरखलं आणि त्याच्या बुडाखालची पत्र्याची पट्टी वाचली. मशीन चीनचं निघालं!

आता मिस्त्री अडकला, असं आम्हाला वाटलं. पण तो अजिबात गडबडला नाही. मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “ह्ये आता इथलंच झालं. माझ्या मनीच्या लग्नाच्या आधीपासून फाट्यावर हाय. निस्तं रेशन कार्डात नाव घालायचं राह्यलं त्याचं!”

*

काही दिवस ड्यूटी जोरात चालली. संदीपच्या शोरूमचा कुकर गळायला लागला की शेतकरी तो ओढत मिस्त्रीकडंच आणायचे, कारण वेल्डिंग मिस्त्रीसारखं कुणाचं नाही. आम्हाला दिवसातून इतका चहा व्हायला लागला, की माझं पित्त खवळलं. पण राष्ट्रहितासाठी सोसलं.

एका दुपारी चर्चा वाढत गेली. मिस्त्रीचं म्हणणं, बाहेरच्या कुकरवर सरकारनंच मोठी ड्यूटी लावावी, पण पत्रा मात्र जगातून कुठूनही स्वस्तात येऊ द्यावा. मी म्हटलं, पत्र्याचं काय ते तुम्ही बघा, तांब्यावर एक पैसा ड्यूटी नको. माझी तार महागली तर मी मोटारी कशा भरू? मात्र बाहेरून ज्या तयार स्वस्त मोटारी येतात, त्यांच्यावर लावा. सणसणीत लावा! फौजींना पत्र्याशी-मोटारीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बंदुकीचा परवाना हवा होता; त्यांनी तोही राष्ट्रीय सुरक्षेत बसवून घेतला. पतंगे सर डोक्याला हात लावून बसले.

सलीमभाई ग्लास गोळा करत हे सगळं ऐकत होते. म्हणाले, “मेरे कू समझ गया. जो अपने कू बेचना, उसपे ड्यूटी. जो अपने कू लेना, वो फिरी!”

“व्हय, तसंच,” मिस्त्री म्हणाला.

“तो फिर मेरा बी लिखो. सामने शोरूम में मशीन की चाय बिठाए. गिऱ्हाईक कू फुकट में पिलाते. ये नेशनल सिक्युरिटी का मामला नई क्या?”

*

मग आपल्या सरकारनंही बाहेरून येणाऱ्या काही पोलादावर ड्यूटी लावली. मिस्त्रीला वाटलं, दिल्लीत कुणीतरी आपलं ऐकलं! बाकावर बसून इतके दिवस घसा कोरडा केला, त्याचं चीज झालं. त्यानं पेढे आणले. फौजींना दिले, सरांना दिले, मला दिले, एस.टी.च्या कंडक्टरलाही खिडकीतून दिले. रस्ता ओलांडून शोरूममध्ये जावयाला द्यायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याचा वाटा फौजींनीच खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री जालन्याहून पत्रा आणायला गेला आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत आला. “सर, आपला पत्रा तं आपल्याच देशातला हाय. मंग ह्याचा भाव काहून वाढला?”

पतंगे सर शांतपणे म्हणाले, “बाहेरचा महाग झाला. मग आतल्यानं स्वस्त का विकायचा?”

मिस्त्री आमच्याकडं वळला आणि म्हणाला, “पेढे वापस द्या माझे!”

“ते आता होत न्हाई,” फौजी म्हणाले. “पोटात गेलेल्या मालाला निर्यातबंदी हाय!”

*

चहाच्या ड्यूटीला खरं ग्रहण लागलं ते पाहुण्यांमुळं. एके सकाळी संदीपचे वडील, म्हणजे मिस्त्रीचे व्याही, आमच्या बोलीत इवाई, दत्तराव, वसमतहून आले. मागं ट्रॅक्टरला त्यांच्या घरचा कुकर. पोराच्याच शोरूममधून नेलेला आणि बुडाशी गळणारा! पोराला सांगावं तर पोराच्या मालाची बदनामी. म्हणून शोरूमसमोरून मान वळवून थेट इकडं.

आम्ही सरसावून बसलो. आता इवायाकडून चहा निघणार! पण इवाई उतरल्या उतरल्या मिस्त्री पुढं झाला, हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, घरातून पोहे मागवले, सलीमभाईंना स्पेशल चहा सांगितला, जाताना टोपी-टॉवेलचा आहेर केला आणि कुकर फुकट सांधून दिला. इवायाकडून चहा कसा मागायचा? उलट जेवून गेले नाहीत, म्हणून आठवडाभर हळहळ!

“मित्रराष्ट्र म्हणजे हेच,” पतंगे सर म्हणाले. “सवलत द्यावीच लागते.”

पण सवलतीची बातमी एस.टी.पेक्षा लवकर पोचते. दुसऱ्या दिवशी आलेला गृहस्थ दत्तरावांच्या भाच्याचा साडू निघाला. तिसरा संदीपच्या मावशीच्या गावचा. चौथ्यानं तर आधी मिस्त्रीच्या बायकोचं माहेर विचारून घेतलं आणि मग नातं जुळवलं. आपल्या जिल्ह्यात दोन माणसं पाच मिनिटं बोलली की त्यांच्यात सोयरीक निघतेच. बघता बघता गळका कुकर आणणारा प्रत्येक जण मित्रराष्ट्र झाला. चहा मात्र रोजचा लागलेला! तो कुणी पाजायचा? फौजी खिसे चाचपायचे, मला नेमकी मोटार भरायची आठवण व्हायची. राहता राहिले पतंगे सर.

महिनाभर सरांनी आमचा सगळ्यांचा चहा पाजला. शेवटी सलीमभाईंकडं पैसे देता देता ते कळवळून म्हणाले, “मी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय! ड्यूटी कुणावर पण लावा, भरतो आपलाच माणूस!”

*

खरं सांगू का, ह्या सगळ्या चर्चेत कॅनडाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. माणूस चार लोकांत स्वतःच्या जावयाबद्दल बोलू शकत नाही, म्हणून तो कॅनडाबद्दल बोलतो. हे मला भिंतीच्या अलीकडून चांगलं कळायचं. संध्याकाळी फौजी आणि सर गेले की मिस्त्री एकटाच रस्त्यापलीकडं बघत बसायचा. तिकडं शोरूमच्या काउंटरवर मनीषा हिशेबाला बसलेली दिसायची. पोरगी हुशार आहे, याचा आनंद करावा की ती तिकडं बसली, याचं दुःख, हेच त्याला ठरवता यायचं नाही.

एकदा त्याचा तोल गेला. शोरूमचा एक कुकर दुरुस्तीला आला आणि मिस्त्रीनं हातच लावला नाही. “ज्यानं इकला, त्यालाच म्हणा सांध!” शेतकऱ्याची हळद अर्धी शिजलेली, अर्धी ओली. तो बिचारा हवालदिल होऊन समोर शोरूममध्ये गेला.

आता मनीषाचा एक रिवाज होता. दुपारी बापासाठी रस्ता ओलांडून डबा यायचा, ज्वारीची भाकर आणि काहीतरी झणझणीत. त्या दिवशी डबा आला नाही. मिस्त्रीनं दोनदा बाहेर येऊन बघितलं. मग ‘भूक न्हाई’ म्हणाला. दुसऱ्या दिवशीही डबा नाही. तशी घरची भाकर हाकेच्या अंतरावर होती, पण बायको कमळाबाईंनीही चूल लेकीच्या बाजूनं ठेवली.

“ह्याला रिटॅलिएशन म्हणतात,” पतंगे सर म्हणाले. “तुम्ही त्यांचा माल अडवला, त्यांनी तुमचा अडवला.”

“सर, माझ्या पोटात कावळे वरडून राह्यले आन् तुमी इंग्रजी काहून बोलून राह्यले?”

शेवटी फौजी वाटाघाटीला रस्त्यापलीकडं गेले. मिस्त्रीनं त्या शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन कुकर सांधून दिला, वर स्वतः उभा राहून त्याची सगळी हळद शिजवून दिली. दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी डबा हजर! मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, आणि पुन्हा चावू लागला.

“काय झालं?” फौजींनी विचारलं.

“भाजीत मीठ न्हाई,” मिस्त्री म्हणाला. “थोडी ड्यूटी ठिवली तिनं!”

*

संदीप वाईट नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. सासऱ्याचं काम कमी झालं, हे त्यालाही लागत होतं. एका रविवारी तो वर्कशॉपात आला, चपला बाहेर काढून आला आणि म्हणाला, “मामा, ह्या वयात आगीपुढं कशाला बसता? शटर लावा. आमच्याकडं सर्व्हिस सेंटर सांभाळा. खुर्ची हाय, पंखा हाय. काई तकलीफ न्हाई.” आणि पिशवीतून कंपनीचा पिवळाधमक टी-शर्ट काढून त्यानं समोर ठेवला. छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर कुकरचं चित्र.

जावयानं दिलेली वस्तू नाकारता येत नाही, म्हणून मिस्त्रीनं घेतली. संदीप गेल्यावर मात्र तो टी-शर्टाकडं अशा नजरेनं बघत राहिला, की मी माझ्या दुकानात निघून आलो. आयुष्यभर ज्यानं स्वतःच्या हातानं ड्रम वाकवले, त्याला दुसऱ्याच्या ड्रमचं चित्र पाठीवर घेऊन बसायला सांगायचं! मला संदीपचा फार राग आला. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून जास्तच आला.

हायवेला लागून मिस्त्रीचं थोडं शेत आहे. काही दिवसांनी तिथल्या बुजगावण्याच्या अंगात तो टी-शर्ट दिसला. वर मडक्याचं डोकं, दोन्ही हात पसरलेले आणि छातीवर कंपनीचं नाव! पाखरं फिरकेनात. जाणारे ट्रकवाले हॉर्न मारून सलाम करायचे. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही, संदीप चिडणार.

आणि नेमका कंपनीचा मोठा साहेब नांदेडहून दौऱ्यावर आला. गाडी थांबवली, खाली उतरला, बुजगावण्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि शोरूममध्ये शिरताच संदीपला मिठी मारली. “काय डोकं आहे तुमचं! हायवेवर, फुकट, चोवीस तास जाहिरात!”

पुढच्या आठवड्यात कंपनीकडून संदीपच्या नावानं टी-शर्टांचा आख्खा गठ्ठा आला. सोबत निरोप, ‘आणखी शेतांत लावा.’

*

यंदा धोंड्याचा महिना जेठात आला. हळदीचा हंगाम संपला होता आणि मिस्त्रीकडं नवी ऑर्डर एकही नव्हती. “ह्यो महिना होऊ द्या. मंग पाटी उतरवतो,” असं त्यानं आम्हा तिघांनाही सांगून ठेवलं. फौजी उगाच पावसावर बोलायला लागले. पतंगे सर त्या दिवशी पहिल्याच एस.टी.नं घरी गेले.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि धातूचं वाण द्यायचं, ही रीत. कमळाबाई मागं लागल्या होत्या, “नांदेडाहून तांब्याचं ताट तरी आणा. न्हाईतर चांदीचा दिवा.” मिस्त्री ‘आणतो, आणतो’ म्हणायचा आणि नांदेडला काही जायचा नाही. उलट वर्कशॉपाचं दार आतून लावून दिवसभर ठोकत बसायचा. मला वाटलं, हत्यारं आवरून राहिला असेल. भिंतीपलीकडचा तो आवाज ऐकून माझं कामात लक्ष लागेना.

ठरलेल्या दिवशी आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. मिस्त्रीचं घर वर्कशॉपच्या मागंच आहे. संदीप पाटावर बसला, शेजारी मनीषा. कमळाबाईंनी ओवाळलं, ताटात धोंडे वाढले. मग सगळे मिस्त्रीकडं बघायला लागले. वाण कुठाय?

मिस्त्रीनं वर्कशॉपाचं मागचं दार ढकललं. आत नवाकोरा हळदीचा कुकर उभा! कुण्या शेतकऱ्यानं ऑर्डर मोडल्यामुळं अर्धवट पडलेला होता, तो त्यानं पुरा केला होता. जाड पत्रा, एकसारखे सांधे, काळाभोर रंग, दोन्ही ड्रमला हळदीकुंकवाची बोटं आणि वर खण-नारळ.

“मामा, हे...” संदीप पाटावरून अर्धा उठला. “हे कसं घेऊ म्या?”

“लोखंड बी धातूच हाय, जावाईबापू,” मिस्त्री म्हणाला. “माझ्याजवळ ह्येच हाय. लेक दिली तवा जे येत व्हतं, आज बी तेच येतंय मला.”

संदीप गोंधळून कमळाबाईंकडं बघायला लागला. त्या पदर सावरून म्हणाल्या, “वाण माघारी देत न्हाईत. बसा, जेवा.”

घरात तर एवढा कुकर मावायचा नाही. संध्याकाळी ट्रॅक्टरला जोडून तो रस्त्यापलीकडं नेला आणि शोरूमच्या ऐन दारात उभा केला. वाण मागं कोपऱ्यात कसं ठेवायचं?

ते दिवस हळदीचा पैसा हातात येण्याचे होते. शेतकरी पुढच्या हंगामाचा कुकर आताच बघून ठेवतात. दोनच दिवसांनी वसमतकडचे दोघं भाऊ शोरूममध्ये आले. मी तिथं शोरूमच्या पंख्याची भरलेली मोटार बसवायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. आमचा शेतकरी कुकरचं स्टिकर वाचत नाही. तो बोटाच्या पेरानं ड्रम वाजवून पत्रा किती जाड ते बघतो. थोरल्यानं ओळीतले सगळे चकचकीत ड्रम वाजवले. मग दारातला काळा वाजवला. परत वाजवला. धाकट्याला बोलावून त्याच्याकडूनही वाजवून घेतला.

“ह्यो केवढ्याला?”

“तो इकायचा न्हाई,” संदीप म्हणाला. “सासऱ्यानं धोंड्याचं वाण दिलंय.”

“आसं व्हय! मंग राहू द्या.” थोरला परत त्या ड्रमवर हात फिरवायला लागला. “पर आसलाच दुसरा कुठं भेटंल?”

संदीपनं कंपनीच्या कुकरकडं बघितलं, सासऱ्याच्या कुकरकडं बघितलं, छताकडं बघितलं. मी स्क्रू फिरवायचा थांबलो.

काउंटरवरून मनीषानं मान वर केली आणि म्हणाली, “काका, रस्ता जपून वलांडा. ट्रक लई जोरात येऊन राह्यलेत.”